गिलेनने किल्ली काढली

आमच्या बेटावरच्या सेंत-मारी गावाहून शहरात जाणाऱ्या प्रवासी गाड्यांमध्ये एकच बाई चालक होती, गिलेन. बाजारात कंद विकायला मी रोज तिच्याच गाडीने जायचे, पुढच्या सीटवर बसून. सात वर्षांपूर्वी तिच्या फुफ्फुसांत सूज येऊन बारीक गाठी झाल्या होत्या. सार्कॉइडोसिस म्हणतात त्याला. गोळ्यांनी खोकला आटोक्यात आला आणि मग आम्ही सगळेच ते विसरून गेलो.

त्या वर्षी कार्निव्हलचा नाचगाण्याचा सण संपल्यावर ती चढावर मध्येच गाडी उभी करायला लागली. "इंजिन तापलंय," म्हणायची. मागून एस्ताश काका ओरडायचे. ऊसतोडीतून निवृत्त झाले होते, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती.

"इंजिन तापलंय की तू दमलीस? बाईमाणसाला गाडी दिली की असंच!"

"उतरा आणि ढकला मग," गिलेन म्हणायची. पण तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली मला दिसायची.

एका दुपारी थांब्यावर माणसं चढत असताना तिची मान खाली गेली. मी हाक मारली, तरी उत्तर नाही. चार-पाच क्षणांनी तिने डोळे उघडले आणि मागे पाहिलं. गाडीत अकरा माणसं होती. तिने किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"सगळे उतरा. मागच्या गाडीने जा."

"आता काय झालं?" काका तडकले.

"काका, उतरा म्हणते ना!"

गाडी रिकामी झाली, तशी ती रडायला लागली. "तीन महिने झाले. छातीत मासा तडफडावा तसं होतं, मग अंधारी येते. फुफ्फुसांच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, धडधडतं का, चक्कर येते का? मी नाही म्हणाले."

"का गं?"

"परवाना जाईल म्हणून. दुसरं काय येतं मला?"

मी तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्यांमध्ये कळलं, फुफ्फुसातली तीच सूज हृदयात उतरली होती आणि ठोक्यांची वाट अडवत होती. गळ्याच्या हाडाखाली यंत्र बसवलं. ठोके मंदावले तर ते हृदयाला चालना देतं आणि भलतेच सैरभैर झाले तर झटका देऊन ताळ्यावर आणतं. जीव वाचला, पण प्रवासी वाहतुकीचा परवाना गेलाच.

तिच्या भावाने गाडी घेतली. पहिला आठवडा ती शेजारी बसून त्याला गिअर कसा टाकायचा ते शिकवत होती. आठव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, तू तरी उतर, नाहीतर मी तरी उतरतो." ती उतरली आणि महिनाभर स्टँडकडे फिरकली नाही.

आता ती स्टँडवर प्रवासी बसवून गाड्या भरून देते. चालक तिला टरकून असतात. पण एखादी गाडी सुटली की वळणापर्यंत ती तिच्याकडे बघत राहते.

परवा एस्ताश काका तिच्याशेजारी बाकावर टेकले.

"तुझ्या गाडीत दात हलायचे माझे."

"दात होते कुठे, काका?"

काका हसता हसता खोकायला लागले. गिलेनने विचारलं, "हे कधीपासून? आणि छातीत धडधडतं का? खरं सांगा."