वर चढणारं दार

आबा कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा तांब्या समोर येण्याआधी बसायची खुर्ची हलवून बघायचे. ती डुगडुगली की संपलंच. घरमालकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारता मारता खुर्ची उलटी व्हायची आणि आबांच्या खिशातून खिळा निघायचा. खिळ्यांपायी त्यांचा एकही सदरा धड राहिला नाही. माझे हे आजोबा दिवसभर धारूरच्या डोंगराकडच्या आमच्या रानात राबायचे आणि घरी आल्यावर ओसरीवर काहीतरी दुरुस्त करत बसायचे.

छत्री, दप्तराचा बंद, मोबाइलचा चार्जर, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. बाबा म्हणायचे, "नवं आणू की." त्यावर आबांचं ठरलेलं, "नवं कावून? ह्याला काय रोग झालाय?" दुरुस्त झालेली वस्तू देखणी असायची असं मुळीच नाही. आमच्या कुकरला त्यांनी चक्क विळ्याची मूठ बसवली होती. पाहुण्यांसमोर आई तो कुकर लपवायची.

माझं स्थळ दिंद्रुडचं. आम्ही घर बघायला गेलो, तर आबा चहा सोडून दाराशी उभे.

"घरात इतकी माणसं, अन् दार वरडायलंय ते कुनालाच ऐकू येईना व्हय?"

बाबांचा चेहरा पडला. लग्न मोडलं, असंच मला वाटलं. आबांनी मात्र गोडेतेल मागवलं, बिजागरीत सोडलं आणि दार दोनदा फिरवून दाखवलं. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, "आम्ही मुलगी नंतर, आधी आजोबा पसंत केले."

पण आबांची खरी कारागिरी आमच्याच घराच्या दारावर होती. आजीची पाठ वाकत चालली होती. जन्मभर खुरपणी केलेली बाई ती. आतली कडी काढायला तिला टाचा उंचावाव्या लागू लागल्या. आबांनी कडी आणि कोयंडा दोन्ही काढले, वीतभर खाली गिरमिटाने नवी भोकं पाडली आणि तिथे बसवले. जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. "तू वाकलीस," असं ते तिला कधीच म्हणाले नाहीत. म्हणायचे, "लाकूड लई वंगाळ हाय हे. दार वर चढायलंय बघ." आजीही गंभीरपणे म्हणायची, "चढायलंय खरं." पुढे दार असंच चढत राहिलं आणि कडी खाली येत राहिली.

गेल्या थंडीत आबा गेले. आई-बाबा आता नोकरीपायी पुण्यात, त्यामुळे घरात आजी एकटीच. तिला दिंद्रुडला न्यायचं ठरवून मी गेले. दार वाजवलं. आतून खुडबुड ऐकू येत होती, पण दार उघडेना. बऱ्याच वेळाने उघडलं. आजीच्या हातात काठी होती. काठीने तिने कडी ढकलली होती.

"दार लई वर चढलंय माय," ती म्हणाली.

कपडे भरायला घेण्याआधी म्हटलं, निदान आजच्या रात्रीपुरती तरी कडी खाली घेऊ. आबांचं गिरमिट खुंटीलाच होतं. आबांच्याच मापाने, कडीच्या वीतभर खाली टोक टेकवलं आणि जोर लावायच्या आतच ते आत गेलं. मेणाचं वेटोळं बाहेर आलं. भोक आधीच पाडून, मेणाने बुजवून, वरून रंग लावलेला होता. समोर चौकटीवरही तसंच. मी दारावर बोट फिरवत खाली गेले. तिथे आणखी एक. त्याच्याही खाली, जवळजवळ माझ्या गुडघ्याशी, आणखी एक.

आजी खाली बसली. त्या शेवटच्या भोकावर तिने तळवा ठेवला आणि पदर तोंडाला लावून आधी हसली, मग रडली.

"बघ की. इतकी वाकस्तवर जगायचंय म्हनायलेत मला."

ते गेले त्या दिवशी मी लोकांना सांभाळण्यात होते. रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दाराशी रडून झालं. आबा हवे होते, बस्स.

कडी बसवली. पिशवी भरू का विचारलं, तर आजी म्हणाली, "मी न्हाई येत माय. माझी सोय झालेली हाय."

मी एकटीच निघाले. पायरी उतरले, तेवढ्यात आजीने आतून कडी लावली. एकदाच वाजली, सहज.