पाटीखालची वचनं: कारंजा घाडगे ते सिंदी रेल्वे

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी मी आमच्या प्रार्थनाघराच्या दाराशी शिडी लावली, नव्या पाटीसाठी एक खिळा ठोकला आणि दुसरा न ठोकताच खाली उतरलो. पाटी भिंतीला टेकवून ठेवली. घरून पवित्र शास्त्र आणि एक वही घेतली, मोटारसायकल काढली. बायकोनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, दुसऱ्यांच्या पाट्या वाचून येतो, दोन-तीन दिवस लागतील.

आमचं गाव कारंजा घाडगेपासून आठ किलोमीटर आत. विश्वासणाऱ्यांची, म्हणजे ख्रिस्ती, घरं अकरा. इतकी वर्षं आम्हाला नाव नव्हतं. गावात 'प्रार्थनावाले' म्हणतात, तेवढं पुरत होतं. गेल्या वर्षी नागपूरच्या एका संस्थेशी आम्ही जोडले गेलो. त्यांचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी ते लोखंडी पाटी घेऊन आले. वर 'सत्यस्तंभ मंडळी', खाली १ तीमथ्य ३:१५, म्हणजे मंडळीला सत्याचा स्तंभ म्हणणारं वचन, त्याखाली साहेबांचा मोबाईल नंबर. म्हणाले, हे नाव माणसानं दिलेलं नाही, शास्त्रानं दिलंय. आणि आता या नावात ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनाच प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर, मिळेल.

सगळ्यांनी एकाच जागी पाहिलं. तिथं तारामाय बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, एकटी, गुडघ्यांनी थकलेली. तिचा बाप्तिस्मा लहानपणी दुसऱ्या चर्चमध्ये कपाळावर पाणी शिंपडून झालेला. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून आहे. साहेब म्हणाले, नदीवर नेऊ, पाण्यात बुडवून पुन्हा देऊ.

"काऊन?" ती म्हणाली. "पयल्या पान्याले देव इसरला का?"

कोणी हसलं नाही. मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून पुढच्या रविवारपर्यंत पाटी लावायचं काम माझ्याकडे आलं.

कारंज्याहून आर्वीचा रस्ता सव्वा तासाचा. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, मृग बहराची तोड चालू होती, त्यामुळे संत्र्यांचे ट्रॅक्टर जपून मागे टाकावे लागत होते. सकाळी निघणार असाल तर हायवेवरच्या ढाब्यावर न थांबता आर्वीत तर्री पोहा खा. कोरड्या पोह्यावर चण्याची तर्री ओततात आणि पुन्हा मागितली तर कपाळाला आठी न घालता देतात.

आर्वीच्या एका गल्लीत 'ख्रिस्ताची मंडळी' अशी पाटी दिसली, खाली रोम १६:१६. तिथले प्रचारक शिंपीकाम करतात; प्रार्थनेची खोली दुकानाच्या मागेच. मशीन थांबवून त्यांनी मला समजावलं की बायकोला नवऱ्याचंच नाव लागतं, मग ख्रिस्ताच्या मंडळीला दुसऱ्याचं कसं लागेल? मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. मी वचन काढलं. तिथं ख्रिस्ताच्या सगळ्या मंडळ्या सलाम सांगतात, एवढंच आहे. आणि त्याच अध्यायात वर, एका नवराबायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही पत्र लिहिणारा पौल सलाम पाठवतो. मी विचारलं, हा रामराम आहे की पाटी?

ते हसले. "भाऊ, तुमी वकील व्हाले पायजे होते," म्हणाले आणि चहा मागवला. पाटी मात्र त्यांच्या मते बरोबरच होती. निघताना त्यांनी शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत.

आर्वी ते वर्धा खरांगणा, आंजी असा रस्ता. बराचसा चांगला आहे, पुलांच्या आधी मात्र वेग कमी ठेवा. वर्ध्यात साळ्याकडे मुक्काम केला. रात्री पाटवडी-रस्सा झाला. सकाळी सावंगी मेघेला गेलो.

तिथं दवाखान्याच्या मागच्या वस्तीत भाड्याच्या हॉलवर 'फिलदेल्फिया' लिहिलेलं. दार एका पुरुष नर्सनं उघडलं, नाईट ड्युटी करून आलेला, डोळे लाल. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी ही एक, बंधुप्रेमाची, असं त्यानं सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाला, "काका, सातपैकी प्रभूची बोलणी न खाल्लेल्या दोनच. लावदिकीया नावाची पाटी कधी पाहिली का कुठं? तिला तिथं कोमट म्हटलंय, आणि कोमट म्हणवून घ्यायची कोणाची तयारी नाही."

बाहेर टपरीवर चहा घेतला. टपरीवाले भाऊ बौद्ध; भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. माझी वही पाहून त्यांनी विचारपूस केली. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्यातही पार्ट्या हायेत, नाई म्हनत नाई मी. पन तुमच्या बोर्डाची गंमत हाये. वचन देवाचं, नाव पार्टीचं, अन् मोबाईल नंबर सायबाचा." मला राग यायला हवा होता. आला नाही.

तिसऱ्या दिवशी सेलूमार्गे सिंदी रेल्वे (गावाचं नावच तसं). कापसाच्या गाड्यांमागे अर्धा तास गेला. घाई असेल तर वर्ध्याहून रेल्वेनं जावं. स्टेशनापासून थोडं दूर एक जुनं, बैठं चर्च आहे. त्याच्या पाटीवर गावाचं नाव आणि 'ख्रिस्ती मंडळी', बस. वचन नाही. किल्ली सांभाळणाऱ्या बाई अंगणात सांबार निवडत होत्या. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मी कारंज्याकडून आलो म्हणून सांगितलं आणि विचारलं, बाई, खाली वचन काऊन नाही?

"कायले पायजे?" त्या म्हणाल्या. "पौलानं चिठ्ठ्या धाडल्या त्या करिंथच्या लोकाईले, इफिसच्या लोकाईले. सिंदीले धाडली असती तं पत्ता काय लिवला असता? सिंदीची मंडळी. लग्नात नाई का म्हनत, कारंज्याची मंडळी आली, बसाले द्या."

मी तिथल्याच बाकावर बसून करिंथकरांचं पहिलं पत्र उघडलं. पहिला अध्याय मी अनेकदा वाचलाय. करिंथच्या मंडळीत गुरूंवरून गट पडलेत: कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. पौल या भांडणावर रागावतो, हे ठाऊक होतं. पण त्याच यादीत शेवटी आहे: मी ख्रिस्ताचा. तेही नाव त्यानं भांडणातच धरलंय. सगळ्यांत खरं नावसुद्धा दुसऱ्याला पंगतीतून उठवायला वापरलं की पार्टीचं होतं. वहीत एवढं एकच वाक्य लिहिलं आणि परत फिरलो.

रात्र पुन्हा वर्ध्यात काढली; घरी पोचलो तो शुक्रवार. या प्रवासात मला कुठली पाटी खोटी वाटली नाही. लोकांनी प्रेमानं नाव ठेवलं, मग त्याला आधार म्हणून वचन शोधलं. पोराचं नाव ठेवताना आपणही तेच करतो. पण पोराच्या नावावरून कोणी म्हातारीला ताटावरून उठवत नाही.

शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला. पाटी लागली का?

"नाही साहेब. लागणारही नाही."

शास्त्रापेक्षा मला जास्त कळतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. पण ते वचन मी दहादा वाचलंय. देवाच्या घरात कसं वागावं हे तीमथ्याला सांगितलंय तिथं, घराचं नाव काय ठेवावं हे नाही.

"मग मे महिन्यात तुमच्या पोरीचं लग्न लावायला कोण येतं, तेही शास्त्रातच शोधा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. लग्नाची तारीख ठरलीय, पाहुण्यांना कळवून झालंय. ती म्हणाली, "पोरगी झाली तवा सव्वा मयना तारामायनंच न्हाऊ घातलं तिले. लावा फोन, अन् सांगा त्याईले, तुमी नका येऊ म्हनावं." मी लावला. सांगितलं.

रविवारी अकरापैकी आठ घरं आली. तीन आली नाहीत. त्यातलं एक माझ्या सख्ख्या भावाचं. संस्थेच्या नियमानं प्रभुभोजन पाळकानंच द्यायचं असतं, मी कधी दिलं नव्हतं. प्रार्थना केली. भाकर मोडली आणि पहिला तुकडा तारामायच्या हातावर ठेवला.