बोळात उघडणारं दार

पदवी घेऊन बंगळूरला आलो तेव्हा नोकरी मिळाली ती अण्णांच्या चिठ्ठीवर, आणि राहायला जागाही त्यांनीच दिली. अण्णा म्हणजे माझ्या मामांच्या ओळखीचे निवृत्त ओव्हरसियर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. बंगला दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आखलेल्या वसाहतीत होता. सरळ रस्ते, प्रत्येक बंगला आपल्या मोकळ्या जागेच्या मधोमध, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या. आणि बंगल्यांच्या दोन रांगांच्या पाठीमागून एक अरुंद बोळ, मैला उचलणाऱ्यांनी यावं-जावं म्हणून ठेवलेला.

मला दिलेलं आउटहाऊस, मूळचं नोकरांचं, बंगल्याच्या मागच्या टोकाला होतं. त्याचं एकुलतं एक दार त्या बोळात उघडायचं. बागेच्या बाजूला कोरी भिंत. नोकरमाणसांची नजर बागेत जाऊ नये म्हणून तशी बांधलेली. माझी तक्रार नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं, आणि मला शहरात स्वतंत्र खोली मिळाली होती. निपाणीला घरी पत्रात मी लिहिलं, 'बंगल्यात राहतो.'

मग बायको यायची ठरली. पाचवा महिना होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच करायचं. पोटुशी बाई रोज त्या बोळातून ये-जा करणार, या विचारानं मला चैन पडेना. बागेकडच्या भिंतीत एक दार पाडलं की झालं असतं. पण इतकं सगळं देणाऱ्या माणसाकडे आणखी मागायचं कुठल्या तोंडानं?

त्याच सुमारास अण्णांना बंगल्याच्या पुढच्या अंगाला एक खोली वाढवायची होती. नगरपालिकेत द्यायचा नकाशा मी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात बसून ट्रेसिंगच्या कापडावर काढत होतो. आउटहाऊसची भिंत काढताना शाईनं तिच्यात एक दार निघालं. तीन फुटी, बागेत उघडणारं. चुकून निघालं, असं मी आजवर सांगत आलो.

अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "हे बागिलु कुठलं रे? इथं दार कधी होतं?"

"चूक झाली, अण्णा."

आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून म्हणाल्या, "बायको येतेय ना त्याची! डोकं आधीच स्टेशनात जाऊन बसलंय."

"सरी, सरी. ब्लेड घे, स्वल्प खरवड. पण हात बरा आहे हां तुझा. दार अगदी खरं वाटतंय."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी ब्लेड घेतलं, दार खरवडलं आणि वरून भिंतीची रेघ ओढली. खरवडलेल्या कापडावर शाई पसरते. तेवढीच भिंत जाड दिसायला लागली.

ती आली त्या सकाळी जटका, म्हणजे इथला टांगा, पुढच्या फाटकाशी थांबला. "एवढं मोठं?" म्हणत ती उतरायला लागली. मी जटकेवाल्याला मागच्या बाजूला घ्यायला सांगितलं. बोळात घोडं शिरेना, म्हणून आम्ही चालत गेलो. तिनं पदर नाकाला लावला होता.

खोलीत आल्यावर तिनं कोऱ्या भिंतीवर हात ठेवला. "बाग ह्याच अंगाला हाय न्हवं?"

"हो."

"मग हितं दार का न्हाई?"

"नकाशात नाही," मी म्हणालो.

आमचा मुलगा चालायला लागला तेव्हाही आम्ही तिथंच होतो. त्याची पहिली पावलं बोळात पडली.