बाग उतरेपर्यंत

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकला कारकुनी करत होतो आणि वडील सायखेड्याला द्राक्षं पिकवत होते. पोट कुरबुरलं, की चार दिवस आईला घेऊन माझ्याकडे येत. तसेच एकदा आले असताना आमच्या क्वार्टरच्या संडासातल्या पांढऱ्या भांड्यात रक्त दिसलं. गावाकडे शेतात बसणारा माणूस मागे वळून कशाला बघतोय! "मूळव्याध हाय, उष्णतेची," म्हणाले आणि सुरणाची भाजी मागितली. मुक्काम लांबला आणि मीही मुकाट्यानं महिनाभर सुरण आणत राहिलो. त्याचा आजही स्वतःवर राग येतो.

शेवटी डॉक्टरांनी बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. आतड्याचा कॅन्सर निघाला. वडिलांनी एकच विचारलं, "किती जोरात वाढतो हा?"

"तसा सावकाश," डॉक्टर म्हणाले. "बारीकशा कोंबापासून इथवर यायला आठ-दहा वर्षंही लागली असतील. पण एकदा आतड्याची भिंत ओलांडली, की आजूबाजूच्या गाठींत जातो, यकृतात जातो. मग आवरणं कठीण."

वडिलांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. घरी येऊन जाहीर केलं, "दहा वर्षं लागत्यात त्याला. बाग उतरायला दीड महिना हाय. मग कापा काय कापायचं ते." सांगायला लाज वाटते, पण मलाही पटलं. बाग कधी उतरवायची, म्हणजे द्राक्षं कधी तोडायची, हे ते द्राक्षाचा एक मणी जिभेवर ठेवून ठरवत. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता.

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दहा वर्षं चालून आलाय तो. आता वेशीत हाय का उंबऱ्यावर, तुम्हाला काय ठावं? बागेचं मी बघंन." त्यांच्यासमोर ती एवढं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

आठवड्यात ऑपरेशन झालं. जखम भरायला महिना गेला. आज हसत सांगतो, कारण पुढे वडिलांनी पुष्कळ हंगाम बघितले. घरी सोडताना डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला: भिंतीच्या आतच होता, गाठी स्वच्छ.

"अन् दीड महिना थांबलो असतो तर?"

"ते मला सांगता येणार नाही."

 वडिलांनी गावाहून आलेल्या आईकडे वळून, उभ्या जन्मात न विचारलेलं विचारलं, "बाग कधी उतरवायची, तूच सांग."

"परवाच लावली उतरवायला," आई म्हणाली. "लय गोड हाय."