जिभेला न लागलेली गोळी

माझ्या ताईचे यजमान चहा पिऊन पगार घेतात. खरं तर पिऊनही नाही, थुंकून. चमचाभर चहा फुर्र करून ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या उंच भांड्यात थुंकायचा. मग सांगायचं की हा माल घ्या, तो परत पाठवा. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी कंपनीने भावोजींना ठेवून घेतलंय ते या जिभेसाठी. मी त्याच कंपनीत हिशेबखात्यात आहे. मला मात्र वेळ झाली की कोणी ठेवून घेणार नाही.

चाखणीची खोली वरच्या मजल्यावर. लांबलचक पांढरा ओटा, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, थेट ऊन येणार नाही अशी खिडकी. या खोलीसाठी भावोजी घरीदारी व्रतस्थ राहतात. कच्चा कांदा नाही, अत्तर नाही, दाढीचा साबणसुद्धा बिनवासाचा. एकदा मी पेपरमिंट चघळत आत शिरलो, तर दारातूनच हाकललं.

"मेहुणेबुवा, तुमचे आकडे कुठे पळून जात नाहीत. माझा वास पळतो. व्हा बाहेर!"

अशा माणसाने एके दिवशी चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "याला लोखंडाची चव आहे."

झालं! किटली बदलली. पाण्याची गाळणी बदलली. कपही नवे आले, आणि त्या सगळ्या खरेदीवर सही करताना माझी भुवई वर गेली. लोखंड काही जाईना. चांगल्या मळ्यांचा माल परत जाऊ लागला. भावोजींच्या हाताखाली चाखणी करणाऱ्या बाई हुशार. त्या दबकत म्हणाल्या, "सर, मला तर स्वच्छ लागतोय."

"मग तुम्ही नाक तपासून घ्या."

आणि मग अचानक तक्रार बंद झाली. सगळ्यांना हायसं वाटलं. ताईला सोडून.

तिचा मला ऑफिसात फोन आला. आवाज रडवेला. "अरे, ह्यांना काहीतरी झालंय. आज मी चहा गॅसवर विसरले. उकळून उकळून नुसता काढा झाला. तोच दिला."

"मग? चिडले?"

"चिडले असते तर तुला कशाला फोन केला असता? म्हणाले, छान झालाय!"

लग्न झाल्यापासून ताईच्या चहाला कधी 'बरा' हा शब्द लागलेला नव्हता. मीही हातातलं काम बाजूला ठेवलं.

संध्याकाळी भावोजींना कोपऱ्यात गाठलं. आधी त्यांनी मला उडवून लावलं, मग एकदम गळाले. "लोखंड गेलं, तसं सगळंच गेलं हो. पाणी काय, चहा काय, सगळं सारखंच. पत्तीचा रंग बघून अंदाजाने सांगतोय. पुढच्या आठवड्यात वर्षाचं नवं मिश्रण ठरवायचंय. चुकीचं ठरलं तर सगळ्यांचं नुकसान. आणि जीभच नसेल तर मला ठेवतील कशाला?"

दुसऱ्या दिवशी ताईने आणि मी त्यांना रिक्षात मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, वाटेत उतरून पळू नयेत म्हणून. डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिली, नाक पाहिलं. "कुठलं औषध सुरू आहे?"

"छे! मी औषधाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही."

"अहो, ती नखाची?" ताई म्हणाली.

"ती कुठे औषध? ती पायाची."

पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी लागली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली होती. आमच्या व्रतस्थांनी ती कशी घ्यावी? जिभेला शिवू नये म्हणून मान मागे टाकून थेट घशात, वर पेलाभर पाणी. जिभेला लागलीच नाही, तर जिभेला बाधेल कशी, असा त्यांचा हिशेब. एवढी वर्षं हिशेबखात्यात काढली, पण एका खात्यातला खर्च दुसऱ्याच खात्यात असा निघालेला मी पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "गोळी पोटात गेली की रक्तातून सगळीकडे फिरते, ती नखाचा पत्ता विचारत बसत नाही. काही त्रास औषधाच्या स्वभावातच असतात, कोणाला पेंग येते, कोणाचं तोंड कोरडं पडतं. मात्रा वाढली की तेही वाढतात. काही एखाद्यालाच होतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात. श्वास अडकायला लागला तर तो गंभीर प्रकार, तेव्हा घरी थांबायचंच नाही. चव जाणं हा या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे. पुस्तकात त्याला सौम्य म्हणतात."

"सौम्य?" भावोजी खुर्चीतून उठलेच. "ते पुस्तक लिहिणारा काय काम करतो?"

"चहा चाखत नसणार," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्यासाठी हा सौम्य नाही. गोळी आजपासून बंद, त्वचेच्या डॉक्टरांशी मी बोलते. चव बहुतेक परत येईल. पण कधी, ते सांगता येणार नाही. काहींना महिने लागतात."

ताईने पदर तोंडाला लावला.

मिश्रणाच्या दिवशी मी मुद्दाम वर गेलो, पेपरमिंटशिवाय. साहेब होते, बाई होत्या. भावोजींनी आपला चमचा धुतला, पुसला आणि बाईंच्या हातात दिला.

"माझी जीभ सध्या रजेवर आहे. तुमचं नाक ठीक होतं. किटलीचंही काही चुकलं नव्हतं."

साहेब गोंधळले. बाई चाखू लागल्या. भावोजी शेजारी उभे राहून पत्ती चुरून बघत होते, त्यांची फुर्र ऐकत होते. "परत ओढा. अर्धवट ओढलात." मिश्रण ठरलं. साहेब जाताना म्हणाले, "रजा संपेपर्यंत यांना असेच शिकवा." भावोजी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर कितीतरी दिवस ताईच्या घरी चहाबद्दल अवाक्षर नाही. ती बिचारी मुद्दाम बिघडवून बघायची. मग एका सकाळी फोन.

"अरे, कप खाली ठेवला! म्हणाले, दूध आधी घातलंस, पत्ती गुदमरली!" ती हसत होती की रडत होती, कळेना. मागून भावोजींचा आवाज: "आणि पातेल्याला आमटीचा वास आहे म्हणून सांग त्याला."

"आली रे जीभ," ताई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अजून चार दिवस रजेवर राहिली असती तरी माझं काही बिघडत नव्हतं."