डाव्या खांद्यावरचं खोकं

धुरपदाबाई माणसं पाठीवरून ओळखत. केळीच्या कापणीला पुरुष घड खांद्यावर घेऊन पुढे चालत आणि बायका गाडीत अंथरायची पानं घेऊन मागे. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात सगळे उजव्या खांद्यावर घड वाहत. एक झुलाल तेवढा डाव्या. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. घड डाव्या खांद्यावर टाकला, की तो उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेई आणि दांडा धरी. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच कापणीत धुरपदाबाईंनी आपला नवरा पोटभर पाहिला तो असा, मागून. चारचौघांत तोंडाकडे पाहिलं असतं तर सासूने टोमणा मारला असता. पाठीकडे पाहिलं म्हणून कोण बोलणार?

बेचाळीस साली धुळ्याला फौजेची भरती निघाली. लढाईला माणसं हवी होती, हाडाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. झुलाल गेला. दुसऱ्याच्या हातची तीन पत्रं आली. मग पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत सरकारी कागद आला: ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर उतरताना बेपत्ता. घरात त्याचा एक फोटो नव्हता.

सासरे उखर्डूआबा त्या दिवसापासून तापीवर आंघोळीला गेले नाहीत. पोराला पोहता येत नव्हतं, एवढंच ते म्हणत.

बारा वर्षं झाली. माणूस बारा वर्षं परतला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. सत्तावन्न सालच्या संक्रांतीनंतर आबा चोपड्याच्या भटजींना विचारून आले. माघी अमावास्या ठरली.

"मी पिकेल पान शे, धुरपदा," ते ओट्यावर बसून म्हणाले. "मी गऊ तं त्याले अग्नी कोन देई?"

धुरपदाबाई हातातल्या बांगड्या मागे सारत उभ्या होत्या. पुतळा जळला की त्या फुटणार होत्या. "अजून थोडं थांबा, आबा."

"बारा वरीस थांबनूत, माय."

त्याच आठवड्यात सज्जनबाईंच्या दुकानातून जिरं आणलं. नवरा लालचंदशेठ वखारीत असले की दुकान सज्जनबाईच पाहत. धुळ्याच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातली रद्दी त्यांच्याकडे आली होती, लढाईच्या काळातली चित्रांची मासिकं. घरी पुडी सोडली, तर कागदावर अर्धा समुद्र. धुरपदाबाई परत गेल्या आणि त्यांनी पुन्हा जिरं मागितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"धुरपदाबाई, जिरं खाताय की पेरताय?" सज्जनबाई म्हणाल्या. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पुड्या बांधणं थांबवलं आणि गठ्ठाच पुढे सरकवला. "बसा. फौजेचं काय ते शोधा. शेठ येईपर्यंत वेळ आहे."

ते पान गठ्ठ्याच्या तळाशी होतं. लांबवर जहाजं. अलीकडे पुढचा पत्रा खाली पाडलेली रुंद होडी, आणि तिच्यातून पाण्यात उतरून किनाऱ्याकडे चाललेले शिपाई. सगळे पाठमोरे. बंदुका दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेल्या. एकाच्याच खांद्यावर लाकडी खोकं होतं. डाव्या खांद्यावर. उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेलेला.

धुरपदाबाईंनी पदराने हात पुसले आणि मग त्या माणसाला बोट लावलं.

"कोण आहे?" सज्जनबाईंनी विचारलं. धुरपदाबाईंनी बोट तसंच ठेवलं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. सज्जनबाईंना कळलं. त्यांनी ते पान सुरीने अलगद कापून दिलं.

आबांना आता नीट दिसत नसे. त्यांनी कागद उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला. "हात तं त्यानाच शे," ते म्हणाले. मग विचारलं, "पानी कितलं शे?"

"गुडघाइतलं."

"मंग तो बुडना नही." त्या संध्याकाळी आबा दोन भाकरी जेवले.

धुरपदाबाईंच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. बुडाला नाही, तर आहे कुठे? फोटो सरकारी कागदानंतरचा निघाला, तर पुतळा कशाला? अमावास्येला चार दिवस राहिले होते. त्या बैलगाडीने चोपड्याला गेल्या. मुलींच्या शाळेतल्या इंदिराबाईंना इंग्रजी येत होतं.

इंदिराबाईंनी फोटोखालच्या ओळी वाचल्या. "ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर उतरणारे हिंदी सैनिक. मार्च एकोणीसशे पंचेचाळीस."

"फेब्रुवारी आधी येतो ना, बाई?"

"हो. फेब्रुवारी आधी, मग मार्च."

धुरपदाबाई जमिनीवरच बसल्या. मग त्यांना बोलावंसं वाटलं. बारा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते चिंचेचं झाड, वाकडं हाड, डावा खांदा, सगळं त्या सांगत सुटल्या. इंदिराबाई ऐकता ऐकता फोटो पुन्हा पाहत होत्या. त्यांची नजर होडीच्या पत्र्यावर थांबली होती.

"धुरपदाबाई, मी हे सांगितलं नाही तर मला झोप येणार नाही." त्यांनी खुंटीवरचा आरसा काढला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. "होडीवरचे आकडे पाहा. कागदावर उलटे आहेत, आरशात सुलटे. छापताना हा फोटो उलटा पडलाय."

धुरपदाबाईंनी आकड्यांकडे पाहिलं नाही. आरशात त्या माणसाने खोकं उजव्या खांद्यावर घेतलं होतं. साऱ्या गावासारखं.

परतीच्या वाटेवर त्यांनी कागद दोनदा उलगडला. कागदावर तो अजून डाव्या खांद्यानेच चालत होता.

आबा वेशीशीच उभे होते. "काय सांगनी मास्तरीन?"

"ब्रह्मदेशना फोटू शे. किनाऱ्यावर उतरनात तवयना." एवढं तर खरं होतं. महिन्याचं त्या बोलल्या नाहीत, आरशाचंही नाही. "तुम्ही पुतळाना इधी करा, आबा."

अमावास्येला पळसाचे देठ दोऱ्याने बांधून, वर जवाचं पीठ लिंपून पुतळा केला. पुरुष निघाले. पुतळा भाऊबंदांनी न्यायचा होता, पण आबांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी तो उचलून उजव्या खांद्यावर घेतला, चार पावलं टाकली आणि थांबले. मग पुतळा डाव्या खांद्यावर केला, उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि टोक धरलं. बारा वर्षांनी पहिल्यांदाच ते तापीकडे निघाले.

मागे बांगड्यांसाठी बायका जमल्या होत्या. त्यांतली एक हात धरून धुरपदाबाईंना आत नेऊ लागली.

"थांब, माय," त्या म्हणाल्या, "वळणापर्यंत देखू दे."