तिसऱ्या गाण्यातल्या बांगड्या

किसनभाऊ कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायचे आणि मग कान लावायचे. कलिंगडाला सगळेच मारतात. हे चहाच्या कपाला, नव्या दाराला, एकदा तर आमच्या निगडीच्या घरी आलेल्या फ्रिजलाही मारून मोकळे झाले. "निर्मळ हाय. वापरा," म्हणाले. त्यांच्याजवळ दोनच शेरे होते. पसंत पडलं तर "निर्मळ हाय", नाही पडलं तर "भातात खडा हाय". लग्नातला बँड, पुढाऱ्याचं भाषण, व्याह्यांचा स्वभाव, सगळ्याचा निकाल या दोन वाक्यांत लागायचा.

गेल्या पौषात ते गेले. मला रडू आलं नाही. घाटावर आपण चपला कुठे काढल्या, एवढंच मी आठवत बसलो होतो. जीभ भाजली की चव लागत नाही, तसं काहीसं झालं आहे. म्हणून काय वाटतं ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. काय झालं ते सांगतो.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं गिअरबॉक्स तपासायचो. बेंचवर गिअरबॉक्स बांधायचा, मोटर लावून एकेका गिअरमध्ये फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. मी लातूरकडून नवा आलो होतो, मला सगळाच गोंगाट वाटे. किसनभाऊ लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवत, मूठ कानापाशी लावत आणि डोळे मिटून घेत. "तिसऱ्यात खडा हाय," म्हणाले की उघडायचं. तिसऱ्या गिअरच्या दाताचा नखाएवढा टवका उडालेला असायचाच. साहेब लोकसुद्धा त्यांच्या शब्दापुढे जात नसत. कानात बोळे घाला म्हणून कंपनी कंठशोष करायची. हे म्हणायचे, "बोळं घातल्यावर ऐकू कशानं? गुडघ्यानं?"

वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी यायची. आत काचेची खिडकी असलेली एक खोली. कानांवर हेडफोन लावून बसायचं, बाहेरचा तपासनीस बटण दाबून बारीक आवाज सोडायचा, तो ऐकू आला की बोट वर करायचं. एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी किसनभाऊ मला कँटीनमागे घेऊन गेले.

"सुधाकर, देवापुढची घंटी हालवतो, पण आवाज येत न्हाई रे. जाड आवाज समदं कळत्यात. बारीक तेवढं गेलं."

"मग सांगून टाका ना भाऊ. दुसरं काम देतील."

"स्टोअरला बसवतील, नट मोजायला. बेंचवरनं उठवल्यावर मी कोण राव?"

मग मी उपाय काढला. तपासनिसाच्या मागच्या बाकावर मी बसायचं. त्यानं बटण दाबलं की मी डोक्यावरच्या कंपनीच्या टोपीला हात लावायचा, आणि काचेआडून किसनभाऊंनी बोट वर करायचं. असले उद्योग आम्हीच केले असं नाही, रांगेतले बरेच जण करत. पण आम्ही ते पाच वर्षं केले, आणि मला त्याचा अभिमान होता. गिअरबॉक्स ते तळहातानं चाचपून तपासत राहिले. एकही परत आला नाही. त्या पाच वर्षांतच त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, गेल्या.

वहिनी पुनावळ्याच्या महिला भजनी मंडळात गायच्या. पुनावळे गाव होतं तेव्हाची गोष्ट. आता किसनभाऊंच्या शेतावर इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत आठव्या मजल्यावर ते राहायचे. "उसाच्या वर झोपतोय," म्हणायचे. तर त्या मंडळाची एक कॅसेट निघाली होती, ग्रामदेवतेच्या गाण्यांची. पुण्याला टेम्पोतून सात जणी गेल्या. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं बांगड्या उतरवायला सांगितलं. सहा जणींनी उतरवल्या. वहिनी म्हणाल्या, "धनी खाली टेम्पोत बसल्यात. ते हायेत तवर हात उघडं करायची न्हाई." शेवटी त्यांच्या हाताला किसनभाऊंचा रुमाल गुंडाळला. तिसऱ्या गाण्यात तो सुटला, बांगड्या वाजल्या आणि तशाच कॅसेटमध्ये गेल्या. वहिनींचा आवाज सात जणींत मिसळलेला, वेगळा काढता यायचा नाही. त्यांचं असं म्हणता येईल ते तेवढंच होतं. घरच्या जुन्या टेपवर ते कधी ऐकू आलं नव्हतं. सगळी नुसती घरघर.

रिटायर झाल्यावर किसनभाऊंनी ध्यास घेतला: चांगला संच घ्यायचा आणि त्या बांगड्या ऐकायच्या. निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यातले साहेब आपला संच विकायला काढत होते. अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. मीच घेऊन गेलो. किसनभाऊंनी स्पीकरच्या लाकडाला टिचकी मारली आणि म्हणाले, "निर्मळ हाय."

पहिले चार रविवार त्यांनी ती कॅसेट लावलीच नाही. आधी आवडीच्या लावण्या, भजनं, जुन्या नाटकातल्या पदांच्या तबकड्या. जन्मभर ऐकलेलं सगळं त्यांना नवं झालं होतं. "ह्यो ढोलकीवाला डाव्या अंगाला बसलाय बघ. इतकी वर्सं मला वाटायचं मधी बसलाय." नाहीतर, "पेटीचा भाता ऐक, म्हाताऱ्यावानी धापा टाकतोय." मला म्हणत, "आपुन गाणी न्हवं, गाण्याचं खोकं ऐकत हुतो." त्या चार रविवारी ते जितके खूश होते तितके मी त्यांना कधी पाहिलं नाही. बारीक आवाजाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

पाचव्या रविवारी कॅसेट लागली. आम्ही सतरंजीवर समोरासमोर बसलो. दुसरं गाणं संपलं, तिसरं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात, टाळी पडते तिथे, उजव्या स्पीकरमधून काचेच्या बांगड्या वाजल्या. इतक्या जवळ, की खोलीत कुणी हात हलवला असं वाटावं. मला माझं कळलं नाही. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

किसनभाऊ स्पीकरकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी बोट वर केलं.

"आली," म्हणाले. "निर्मळ हाय."

पुन्हा वाजल्या, पुन्हा माझा हात गेला, पुन्हा बोट वर आलं. गाणं संपलं तसं त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि परत लावली. मी हिशेब मांडत होतो. त्या पहिल्या वर्षी मी टोपीला हात लावला नसता, तर त्यांना बेंचवरून उठवलं असतं. नट मोजत का होईना, ते गोंगाटातून बाहेर पडले असते, आणि कदाचित आज या बांगड्या ऐकण्यापुरते कान उरले असते. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं." त्यांना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ते डेकचं झाकण रुमालानं पुसत होते.

निघताना दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या ऐतवारी टोपी घालून ये. उघड्या डोक्याला हात गेला की नीट दिसत न्हाई."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, दर रविवारी, मी टोपी घालून जात होतो.